व्हीएफएक्स जुनं का दिसायला लागतं? १९९३चे डायनोसॉर आणि नंतरचे सगळे

पडद्यामागचा (धागाकर्ता)

मंडळी, ज्युरासिक पार्क १९९३चा. त्यात डायनोसॉर एकूण पंधराएक मिनिटं दिसतात, त्यातली संगणकावर केलेली जेमतेम पाच-सहा मिनिटं. तो टी-रेक्स आजही बघवतो. द ममी रिटर्न्स २००१चा, म्हणजे आठ वर्षांनी नवा, काम ज्युरासिक पार्क करणाऱ्याच आयएलएम या इफेक्ट्सच्या कंपनीचं. तरी शेवटी येणारा तो अर्धा माणूस-अर्धा विंचू बघून तेव्हाही लोक हसले होते, आता तर विचारूच नका.

तर यंत्रं सुधारत गेली म्हणून चित्रं सुधारत गेली, हे काही खरं नाही. जाणकारांनी कारणं सांगावीत. प्रकाश, ॲनिमेशन, रेंडर (संगणकाने शेवटचं चित्र काढणं), घरचा टीव्ही, काहीही चालेल. फक्त "कथा चांगली असली की सगळं चालतं" एवढं लिहून पळू नका.

स्पेक्युलर_सखाराम

टी-रेक्सचं उत्तर पावसात आहे. पाऊस दोष लपवतो असं सगळे म्हणतात, माझा मुद्दा थोडा वेगळा आहे. ओल्या कातडीवर प्रकाश पृष्ठभागावरूनच परततो, त्याचे टोकदार चमचमते ठिपके पडतात. असली चमक काढणं त्या काळच्या शेडरला (पृष्ठभाग कसा दिसेल ते ठरवणारा प्रोग्रॅम) उत्तम जमायचं. कोरडी कातडी, माणसाचा गाल, मेण, दूध यांच्यात प्रकाश आत शिरतो, थोडा भटकतो आणि भलत्याच जागेवरून बाहेर येतो. याला सबसरफेस स्कॅटरिंग म्हणतात. ते परवडेल अशा वेळात काढायची व्यवहार्य पद्धत २००१च्या शोधनिबंधानंतर रुळली.

टर्मिनेटर २ (१९९१) मधला पाऱ्याचा माणूस टिकला त्याचंही हेच कारण. धातूत प्रकाश आत शिरतच नाही. पिक्सारने १९९५ला पहिल्या अख्ख्या संगणकी चित्रपटासाठी खेळणी निवडली, कारण रेंडरला प्लास्टिक यायचं. टॉय स्टोरी आज लावा. वुडी-बझ ठीक दिसतात, शेजारचा पोरगा आणि त्याचा कुत्रा मात्र पार उघडे पडतात.

विंचूराजाचं दुखणं नेमकं इथेच आहे. उघडं अंग, माणसाचा ओळखीचा चेहरा, सोनेरी उजेड, आणि कातडी प्लास्टिकची. अवघ्या दीड वर्षाने, डिसेंबर २००२ला, लॉर्ड ऑफ द रिंग्जमधला गॉलम आला. त्याचे कान पाठीमागून उजेड आला की लालसर होतात, तेवढं बघा.

रात्रपाळी

सखारामभाऊ, तरी लपवाछपवी आहेच की. रात्र, पाऊस, मधूनच खरा यांत्रिक डोकं-जबड्याचा पुतळा. दिवसाउजेडी काय होतं ते त्याच चित्रपटात दिसतं. पहिल्यांदा दिसणारा तो लांब मानेचा ब्रॅकिओसॉरस. कातडी सपाट, पाय गवतात नीट रुतत नाहीत. संगीताने तो प्रसंग तारलाय.

स्पेक्युलर_सखाराम

ब्रॅकिओसॉरस मान्य. पण गॅलिमिमसचा कळप भर दुपारचाच आहे आणि तो अजून पटतो. प्राणी लहान, वेगात, धूळ उडतेय, कॅमेरा हातात धरल्यासारखा हलतोय, आणि माणसं पडलेल्या ओंडक्याआड लपतात त्या ओंडक्यावरून प्राणी उड्या मारतात. खरी वस्तू आणि खोटी वस्तू एकमेकांना शिवली की मेंदू हरकत घेत नाही.

यांत्रिक पुतळ्याबद्दल: त्याची कातडी फोमची होती, पावसात ती पाणी प्यायची, वजन वाढून पुतळा थरथरायचा आणि दोन शॉटच्या मध्ये त्याला पुसून वाळवावं लागायचं. खरी वस्तू वापरणं म्हणजे फुकटचा मामला नव्हे. तिचा मोठा फायदा वेगळाच. रंग, चमक, सावली कशी हवी याचा नमुना त्याच प्रकाशात, त्याच कॅमेऱ्यातून मिळतो, मग संगणकवाल्यांना अंदाज करावे लागत नाहीत.

फ्रेम_मोजणारी

तुम्ही सगळे कातडीवर अडकलात. माझ्या मते सर्वांत आधी वजन म्हातारं होतं. वाईट कातडीचा प्राणी वजनदार चालला तर लोक माफ करतात. उलटं होत नाही.

तपासायला सोपं आहे. चित्रपट सेकंदाला २४ फ्रेमचा. वस्तू २ मीटर उंचीवरून पडायला ०.६४ सेकंद घेते, म्हणजे साधारण १५ फ्रेम. २० मीटरवरून पडायला २ सेकंद, ४८ फ्रेम. कोणी उभ्या जागेवरून ५ मीटर वर उडी मारून परत खाली आला तर एकूण ४८ फ्रेम व्हायला हव्यात. आता एखाद्या हाणामारीचा शॉट थांबवून फ्रेम मोजा. ३०तच पात्र खाली आलं असेल तर ते रबरी बाहुलं वाटणारच. द मॅट्रिक्स रीलोडेड (२००३) मधल्या शंभर स्मिथांच्या मारामारीत संगणकी निओ आला की डोळ्याला लगेच कळतं. चेहरा दिसायच्याही आधी कळतं, कारण कोट आणि शरीर हवेत वळताना त्यांना जडपणाच नसतो.

मोठ्या प्राण्यांचं गणित वर्गमुळाचं. चौपट उंचीच्या प्राण्याची हालचाल दुप्पट संथ. पूर्वी छोट्या प्रतिकृती चित्रित करताना हाच हिशेब लावायचे. १/१६ मापाचं धरण फोडायचं तर कॅमेरा चौपट वेगाने, सेकंदाला ९६ फ्रेमने चालवायचा. तरी पाण्याने पितळ उघडं पडायचंच, कारण थेंब काही १/१६ होत नाही.

संगणकी पाण्यात उलटा रोग. सिम्युलेशन (पाण्याच्या हालचालीचं संगणकी गणित) जाड ठेवलं की लाटेचा आकार बरोबर येतो, पण वरचे तुषार, फेस, धुकं येत नाही आणि समुद्र जेलीसारखा डुलतो. डाय अनदर डे (२००२) मधलं लाटेवरचं सर्फिंग बघा, दोन्ही दोष एकत्र मिळतील.

रात्रपाळी

५ मीटर उडी आपल्याकडचा कुठलाही हिरो मारतो आणि ४८ फ्रेम काय, हवेत पाच सेकंद राहतो. बाहुबलीत कोणी मोजल्या?

फ्रेम_मोजणारी

हिरोला सूट, हत्तीला नाही! हिरो हवेत थांबतो ते प्रेक्षकाला आधीच मान्य आहे, तो संकेत आहे. पण त्याच चित्रपटात हत्ती, रथ, पडणारे दगड, धबधबा यांनी आपापलं वजन सोडलं की महिष्मतीची हवाच निघून जाते. पहिल्या भागात (२०१५) धबधब्याला आथिरापल्लीचा खरा धबधबा आधाराला होता, ते तिथे कामी आलंय. माझी कुरबूर गर्दीच्या युद्धातल्या लांबच्या शॉटबद्दल. सैनिकांचे घोळके एकाच तालात हलतात.

बाकडं_हाच_रथ

थोडं वेगळं बोलतो. कोकणातल्या दशावतारात एक लाकडी बाकडं असतं. तेच सिंहासन, तेच रथ. बघणाऱ्यांपैकी कोणालाही त्याचं वाईट वाटत नाही. दूरदर्शनच्या महाभारतात (१९८८) दोन बाण आकाशात एकमेकांना भिडायचे आणि ठिणग्या उडायच्या, तेव्हाही ते कोणाला खरं वाटत नव्हतं. मानला तर देव.

म्हणून "जुनं दिसतं" आणि "मजा जाते" या दोन गोष्टी वेगळ्या धराव्यात. पाहणाऱ्याशी करार काय झालाय ते बघायचं. बाकड्याने आपण खरा रथ आहोत असा दावा कधीच केला नाही. ज्याने दावा केला त्याचीच झाडाझडती होते. फाळके कालिया मर्दनमध्ये (१९१९) कॅमेऱ्यातच करामती करत होते. त्या आज खोट्या दिसतात, पण बघताना गंमत कमी होत नाही. आणि मक्खी (२०१२) टिकेल असं मला वाटतं, कारण माशीचा अभिनय व्यंगचित्राच्या अंगाने केलाय. कीटक तसाही चकचकीत कवचाचा, म्हणजे सखारामांचा नियमही लागू.

पडद्यामागचा

मग आदिपुरुष का आपटला? भाव तर तोच होता. उलट भक्त जास्तच चिडले.

बाकडं_हाच_रथ

कारण करार बदलला. ऑक्टोबर २०२२च्या टीझरपासूनच तो हॉलिवूडच्या तोडीचं वास्तव दाखवायला निघाला होता. मग लोकांनी त्याच मापाने मोजलं. टीझरवर इतकी टीका झाली की जानेवारी २०२३चं प्रदर्शन जूनवर गेलं. त्या पाच महिन्यांत मूळ दुखणं बरं होण्यासारखं नव्हतं.

अठरा_टक्के_करडा

ते का बरं होत नाही, तेच सांगतो. हे त्या एका चित्रपटाचं दुखणं नाही, गेल्या दहा-पंधरा वर्षांतल्या अर्ध्या महागड्या चित्रपटांचं आहे.

चित्रीकरण निळ्या किंवा हिरव्या पडद्यापुढे होतं. मागे काय असणार, सूर्य कुठे असणार, संध्याकाळ की दुपार, हे तेव्हा ठरलेलं नसतं. मग छायाचित्रकार सावध प्रकाश ठेवतो. चहूबाजूंनी मऊ, कुठूनही न येणारा. सहा महिन्यांनी मागे धगधगता सूर्यास्त बसवायचं ठरतं. नटाच्या गालावर मात्र सूर्यास्त नाही. कॉम्पमध्ये (वेगवेगळी चित्रं एकत्र जोडतात त्या टप्प्यात) रंग बदलता येतो, एका बाजूला केशरी छटा चढवता येते, पण नाकाची सावली गालावर पडलेलीच नाही, ती कुठून आणायची? मग एकच उपाय उरतो. मागचं दृश्यही सपाट, धुरकट, करडं करून टाकायचं म्हणजे दोन्ही जुळतं. आजच्या चित्रपटांचा तो राखेचा रंग बऱ्याचदा तिथून येतो. रेंडर अगदी वास्तव असलं तरी शॉट पहिल्या दिवसापासून म्हातारा.

दुसरं, संपर्काची सावली. पाय जमिनीला टेकतो तिथे, बोटं कापडाला लागतात तिथे, एक बारीक काळी रेघ असते. आयएलएमने पर्ल हार्बरच्या (२००१) वेळी ॲम्बियंट ऑक्लूजन नावाची स्वस्त युक्ती काढली आणि मग ती सगळीकडे गेली. त्याआधीच्या चित्रपटांत वस्तू जमिनीपासून दोन बोटं वर तरंगताना दिसते ती याच रेघेविना.

तिसरं जरा तांत्रिक. २००५-०६ पर्यंत अनेक ठिकाणी प्रकाशाची बेरीज गॅमा (पडद्यासाठी उजेडाच्या आकड्यांना दिलेला बाक) चढवलेल्या चित्रावरच करत. प्रकाशाचं गणित रेषीय असतं. दोन दिवे एकत्र लावले तर उजेड दुप्पट व्हायला हवा, गॅमा चढवलेल्या आकड्यांची बेरीज केली की तो त्याहून बराच जास्त होतो. उजळ भाग करपतात, दिव्यापासून दूर जाताना उजेड चुकीच्या वेगाने ओसरतो. त्या काळच्या चित्रपटांतला तो प्लास्टिकी, जास्त उजळलेला दिसणारा प्रकाश पुष्कळदा हा असतो. आता सगळे रेषीय पद्धतीने करतात, त्यामुळे नेमका हा दोष २०१०नंतर फारसा सापडत नाही.

रोटो_रात्रंदिन

+१. यात वेळ आणि पैसाही धरा. रोटो (फ्रेमगणिक आकृतीच्या कडा कापणं), पेंट (नको ते पुसणं), मॅचमूव्ह (खऱ्या कॅमेऱ्याची हालचाल संगणकात उतरवणं) ही कामं मुंबई, हैदराबाद, चेन्नईत मोठ्या प्रमाणावर होतात आणि बहुतेक ठिकाणी शॉटमागे ठरलेल्या रकमेत. दिग्दर्शकाने पाचव्यांदा चिलखताचा रंग बदलला तरी रक्कम तीच. मग वेळ जातो बदलांत, आणि शेवटच्या आठवड्यात जी बारीक कामं व्हायची, म्हणजे केसांच्या कडा, स्पिल (पडद्याची अंगावर पडलेली हिरवी-निळी झाक) काढणं, ग्रेन (फिल्मचे बारीक दाणे) जुळवणं, ती राहून जातात. कॅट्स (२०१९) तर थिएटरात लागल्यावर सुधारलेली प्रत पाठवली. टिकलेल्या शॉटची यादी काढलीत तर बहुतेक ठिकाणी एकच दिसेल: शॉट आधी ठरला होता आणि नंतर बदलला नाही.

तात्या_विंचू_पंखा

झपाटलेला (१९९३) विसरलात काय मंडळी! ज्युरासिक पार्कच्याच सालचा. रामदास पाध्यांचा बाहुला, तोही धागाकर्त्याच्या यादीत घ्या. ओठ हलतात, डोळे फिरतात, बाकी काही नाही. पण खोलीतला दिवा त्याच्यावर खराच पडतोय. लहान पोरं आजही घाबरतात.

रात्रपाळी

तुंबाडही (२०१८). त्यातल्या हस्तर या शापित देवाचं लाल अंग, आजीचा चेहरा, दोन्हीकडे मेकअप आणि प्रोस्थेटिक (चिकटवलेली नकली कातडी). आजीच्या मेकअपखाली लहान मुलगा होता. संगणकाचं काम भरपूर आहे, पण खऱ्या पावसात, खऱ्या चिखलावर. २०२४ला पुन्हा लागला तेव्हा मोठ्या पडद्यावर कुठे लाज वाटली नाही.

स्पेक्युलर_सखाराम

फक्त "खरं ते टिकतं, संगणकी ते जातं" असा निष्कर्ष नको. डेव्ही जोन्सचा (पायरेट्सचा दुसरा भाग, २००६) चेहरा पूर्ण संगणकी आहे आणि त्याला अजून तोड नाही. नट खऱ्या सेटवर, इतर नटांसमोर, करड्या कपड्यांत उभा होता. त्यामुळे प्रकाश काय होता ते माहीत होतं. शिवाय ओला, बुळबुळीत, शेवाळलेला चेहरा. पुन्हा चमक.

फ्रेम_मोजणारी

आणि तो माणूस नाही, हे महत्त्वाचं. हुबेहूब माणूस करायला गेलं की मासाहिरो मोरीने १९७०ला सांगितलेल्या त्या दरीत (अनकॅनी व्हॅली: जवळजवळ माणसासारखं दिसणारं उलट विचित्र वाटतं) पाय घसरतो. रोग वन (२०१६) मध्ये पीटर कुशिंगचा चेहरा दुसऱ्या नटावर चढवला. स्थिर चित्र काढून बघा, उत्तम. बोलायला लागला की ओठांचे कोपरे आणि डोळ्यांखालचा भाग एकत्र हलत नाहीत.

दि आयरिशमन (२०१९) तर वेगळाच धडा. चेहरा तरुण केला, शरीर राहिलं सत्तरी ओलांडलेल्याचं. दुकानदाराला लाथा मारण्याचा प्रसंग बघा. तोल सांभाळायला एक पाय घट्ट रोवलेला, गुडघा वर येत नाही, खांदे आखडलेले. चेहऱ्यावर कितीही खर्च करा, चाल वय सांगते.

काळा_पट्टा

एक बाजू कोणी मांडली नाही. बरेचदा शॉट म्हातारा होत नाही, टीव्ही त्याला म्हातारा करतो.

२०००-२०१५ मधले ढीगभर चित्रपट २केमध्ये (सुमारे दोन हजार पिक्सेल रुंद) पूर्ण झाले. ४के म्हणजे चौपट पिक्सेल, रेंडरचा खर्च त्याच प्रमाणात, म्हणून व्हीएफएक्स २केच ठेवत. आता ४के डिस्क येते तेव्हा साधे शॉट निगेटिव्हवरून नव्याने स्कॅन होऊ शकतात, व्हीएफएक्सचे शॉट मात्र ताणून मोठे केले जातात. त्यामुळे संगणकी शॉट आला की चित्र एकदम मऊ होतं आणि डोळा आधीच सावध होतो. मालिकांचं आणखी वाईट. बॅबिलॉन ५चं संगणकी काम जुन्या टीव्हीच्या मापात, ४:३मध्ये रेंडर झालेलं. डीव्हीडीला ते वरून-खालून कापून रुंद केलं, तेव्हा वाट लागली. याउलट स्टार ट्रेकच्या नेक्स्ट जनरेशनची बहुतेक यानं प्रतिकृती वापरून ३५ मिमी फिल्मवर चित्रित झालेली, म्हणून ती पुन्हा स्कॅन करून, शॉट नव्याने जोडून ब्लू-रेला झकास निघाली.

काळ्या रंगाची गोष्ट अशीच. कॉम्पवाले चित्राचा गॅमा मुद्दाम वर-खाली ढकलून तपासतात, की जोडलेल्या वस्तूचा काळा आणि मूळ प्लेटचा (कॅमेऱ्याने टिपलेल्या खऱ्या दृश्याचा) काळा एकच आहे ना. तेव्हा फिल्मच्या मर्यादेत लपून गेलं ते आज घरचा टीव्ही उजळ करून दाखवतो. १९७७च्या स्टार वॉर्सच्या व्हिडिओ कॅसेटवर यानांभोवती फिकट चौकोन दिसायचे ते असलेच, थिएटरात कोणाला दिसले नव्हते.

घरी एवढं करा:

मोशन स्मूदिंग बंद. एलजीवर ट्रूमोशन, सॅमसंगवर ऑटो मोशन प्लस, सोनीवर मोशनफ्लो. हे चालू असलं की टीव्ही मधल्या फ्रेम स्वतः रचतो, सेकंदाच्या ४८व्या भागाचा तो धूसरपणा आणि फ्रेम यांचं नातं तुटतं आणि बरा शॉटही व्हिडिओ गेमसारखा सरकतो. शार्पनेस बहुतेक टीव्हींवर ० करा. सोनीवर तटस्थ आकडा ५० आहे, तिथे ० केलंत तर चित्र पुसट होईल. नॉइज रिडक्शन बंद, कारण ते ग्रेन खातं, आणि ग्रेननेच खरी प्लेट व संगणकी वस्तू एकजीव केलेली असते. फिल्ममेकर मोड असेल तर एका बटणात यातलं बहुतेक होतं. खोलीतला ट्यूबलाइट बंद करा. टीव्हीचा ब्राइटनेस वाढवू नका.

स्ट्रीमिंगचं काय करणार? बारीक नेटवर धुकं आणि अंधाराचे पट्टे पडतात, त्याला व्हीएफएक्सवाल्यांचा दोष देऊ नये.

पडद्यामागचा

काळा_पट्टा, दंडवत. शार्पनेसचं सोनीवालं माहीत असणारे कमी.

लघुपट_लगबग

कॉलेजच्या लघुपटात एकच संगणकी शॉट आहे: वाड्याच्या अंगणात उतरणारं यंत्र. ब्लेंडर या थ्रीडी सॉफ्टवेअरमध्ये करणार. सेटवर काय काय नोंदवायचं? पुढच्या वर्षी बघून लाज वाटू नये एवढीच अपेक्षा.

अठरा_टक्के_करडा

शटर २५ फ्रेमला १/५०. एक्स्पोजर, व्हाइट बॅलन्स, फोकस लॉक. स्टॅबिलायझेशन बंद, लेन्समधलंही, नाहीतर मॅचमूव्ह घसरत राहील. जमल्यास १०-बिट ४:२:२ (रंगाची जास्त माहिती ठेवणारं) रेकॉर्डिंग. झटकन पॅन करू नका, रोलिंग शटरने (सेन्सर ओळीओळीने वाचला जातो) खांब तिरके होतात आणि ट्रॅकिंग बिघडतं.

मोजपट्टी न्या. लेन्सची जमिनीपासून उंची, यंत्र उतरणार त्या जागेपर्यंतचं अंतर, दोन खांबांमधलं अंतर, फोकल लेंग्थ आणि सेन्सरची रुंदी वहीत लिहा. जमिनीवर, भिंतीवर, मधल्या खांबावर टेपच्या फुल्या चिकटवा. सगळ्या एकाच पातळीत नकोत, खोली कळली पाहिजे. कुठल्याही क्षणी निदान आठ तरी दिसाव्यात.

शॉट झाला की त्याच जागी क्रोम बॉल (त्यात आजूबाजूचा उजेड दिसतो) आणि करडा बॉल (त्यावर उजेड-सावली कळते) धरून चित्रित करा. मग माणसं बाजूला करून रिकामं अंगण. मग यंत्र उतरणार तिथे कॅमेरा ठेवून चहूबाजूंचे फोटो, प्रत्येक दिशेला ५ ते ७ एक्स्पोजर, दोन-दोन स्टॉपच्या अंतराने. ऊन सरकायच्या आत हे सगळं उरका.

आणि धूळ खरी उडवा. पत्र्याने वारा घाला, पाचोळा उडू द्या, नट डोळे मिटेल. ब्लेंडरमधला शॅडो कॅचर सावली टाकेल, पाचोळा त्याला हलवता येणार नाही.

रोटो_रात्रंदिन

यंत्र नटाच्या मागे उतरवा, पुढे नको. पुढून गेलं तर प्रश्न नाही असं वाटतं, पण मग त्याची प्रत्येक कडा कॅमेऱ्याच्या जवळ आणि डोळ्यांसमोर. मागे उतरवलंत तर नटाचा रोटो करावा लागेल, केस बांधलेला नट घ्या म्हणजे दोन रात्री वाचतील. शॉट तीन सेकंदांच्या वर नेऊ नका.

लघुपट_लगबग

भारी! क्रोम बॉल ऑनलाइन फार महाग दाखवतात. दुसरं काही चालेल?

अठरा_टक्के_करडा

बागेत शोभेला ठेवतात तो स्टीलचा पोकळ गोळा घ्या, १५-२० सेंटीमीटरचा पुरे. जोडाची रेघ कॅमेऱ्याच्या विरुद्ध बाजूला ठेवा. करड्यासाठी थर्माकोलचा गोळा. आधी पांढऱ्या डिस्टेंपरचे दोन हात द्या, स्प्रे थेट मारलात तर थर्माकोल विरघळतं. वर मॅट करडा. चकाकी नको.